बार्बारा आणि पांढरा बैल

इंटरला मी लॉजिकमध्ये नापास झालो आणि शहापूरला परत आलो. मुंबईत आणखी एक वर्ष राहणं परवडण्यासारखं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझंही मन तिथे रमलं नव्हतं. कॉलेजच्या टर्म भरलेल्या होत्या, त्यामुळे घरी अभ्यास करून पुन्हा परीक्षेला बसता येत होतं. गावातल्या लाकडाच्या वखारीला इंग्रजी पत्रं लिहिणारा माणूस हवा होता. आसनगाव स्टेशनातून सागाचे ओंडके वॅगनींत चढत, आणि त्यांचे सगळे कागद इंग्रजीत लागत. ते काम मला मिळालं. चाळीस साल नुकतंच सरलं होतं.

मी नापास होऊन आलोय हे गावाला माहीत होतं, पण गावाच्या लेखी मी 'इंटरपर्यंत गेलेला' होतो. महिन्याभरात इंग्रजी शाळेची मुलं संध्याकाळी आमच्या ओटीवर येऊ लागली. कुणाला वाक्याचं पृथक्करण हवं, कुणाला कवितेचा सारांश, कुणाला पत्राच्या शेवटी 'युवर्स ओबिडियंटली' लिहायचं की 'युवर्स फेथफुली' हे विचारायचं असे. मुलं शब्दाची जात सांगू लागली की एका दमात म्हणत, "नाऊन, कॉमन, न्यूटर जेंडर, सिंग्युलर नंबर, नॉमिनेटिव्ह केस." आई आतून भाकऱ्या थापता थापता ऐकायची. एकदा तिने मला विचारलं, "हा कसला मंत्र रे? आनि देव कंचा?" मी म्हटलं, "परीक्षेचा." तिला ते पटलं.

एका शनिवारी संध्याकाळी मुलं बसलेली असताना दारात सायकल उभी राहिली. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेले, अंगावर लाल धूळ बसलेले एक गृहस्थ उतरले. मी ओळखलं आणि उठून उभा राहिलो. ते माझे पहिले गुरुजी होते. त्यांनीच माझा हात धरून पाटीवर 'ग' काढून घेतला होता. मी चौथीत असताना त्यांची बदली मुरबाडच्या मराठी शाळेत झाली, त्यानंतर भेट नव्हती. आता ते चाळिशी ओलांडलेले होते. कपाळ मोठं झालं होतं, पण आवाज तोच, खणखणीत.

मुलं जाईपर्यंत ते ओटीच्या कडेला बसले. आईने दिलेला चहा प्यायले, मुरबाडच्या भाताचं विचारलं तर भाताचं सांगितलं. शेवटचा मुलगा गेल्यावर म्हणाले, "मला इंग्रजी शिकव. मॅट्रिकला बसायचंय."

मी म्हटलं, "गुरुजी, मी तुम्हाला काय शिकवणार?"

"मला येत नाही ते. तुला येतं. यात अडचण कुठे आहे?"

मग त्यांनी कारण सांगितलं. सात-आठ वर्षांपूर्वी त्यांच्या शाळेत तपासणीला साहेब आले होते. वर्ग पाहिला, फळा पाहिला, आणि सोबतच्या माणसाला इंग्रजीत एक वाक्य बोलले. दोघं हसले आणि निघून गेले. गुरुजींनी ते वाक्य कानांवर पडलं तसं पाठ करून ठेवलं होतं. नंतर कोश मिळवून एकेक शब्द त्यात पाहिला. वाक्य होतं, 'धिस मॅन हॅज अ फाइन हँड.'

"धिस मॅन म्हणजे मी," गुरुजी म्हणाले. "फाइन म्हणजे दंड. हँड म्हणजे हात. मला वाटलं, कसला तरी दंड बसणार. दोन महिने नोटिशीची वाट पाहिली. ती काही आली नाही. मग वाटलं, दंड म्हणजे हा दंड." त्यांनी स्वतःच्या काटकुळ्या दंडाला हात लावला. "म्हणजे माझ्या हातापायांच्या काड्यांना हसले असतील."

मी म्हटलं, "गुरुजी, ते तुमच्या अक्षराबद्दल बोलले. या माणसाचं अक्षर सुरेख आहे, असा त्याचा अर्थ."

गुरुजींनी दंडावरचा हात खाली घेतला. मग म्हणाले, "एवढी वर्षं मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या दिल्या. आता त्याला काय सांगू?"

तेव्हापासून दर दुसऱ्या शनिवारी, सकाळची शाळा सुटली की ते मुरबाडहून सायकलने निघत. दहा कोसांचा कच्चा रस्ता. संध्याकाळी पोचत, आमच्याकडे मुक्काम करत, रविवारी सकाळी धडा घेत आणि जेवून परत निघत. मुरबाडमध्ये त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. त्यांच्या शाळेतून बाहेर पडलेली मुलं पुढे जाऊन मॅट्रिक झाली होती. आपण नापास झालो तर तीच मुलं हसतील, ही धास्ती. घरी पत्नीलाही त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की शहापूरला एका जुन्या विद्यार्थ्याला मदत करायला जातो.

एकमेकांशी कसं बोलायचं हा पेच त्यांनीच सोडवला. पुस्तक उघडलं की ते मला "सर" म्हणत आणि "तुम्ही" म्हणत. पुस्तक मिटलं की मी पुन्हा "अरे". पहिल्या दिवशी मला फार अवघडल्यासारखं झालं. त्यांनी ठणकावलं, "मी विद्यार्थी आहे. विद्यार्थ्याला विद्यार्थ्यासारखं वागवा, सर." आणि पुस्तक मिटून लगेच, "अरे, तेवढी माझी पिशवी दे."

विद्यार्थी म्हणून ते सोपे नव्हते. ओटीवरची मुलं उत्तर मिळालं की पळत. गुरुजींना उत्तराचं कारण लागे. सूर्याला 'द' लागतो, चंद्राला 'द' लागतो, मग देवाला का नाही? मी म्हटलं, तशी रीत आहे. "नियम आहे की रीत आहे?" मी म्हटलं, रीत. "मग यादी द्या. नियम समजून घेता येतो, रीत पाठ करावी लागते." मी यादी दिली. पुढच्या खेपेला ती तोंडपाठ होती, आणि तिच्यात मला न सुचलेले अकरा शब्द त्यांनी शोधून घातले होते.

कवितेच्या वेळी मात्र माझी फजिती झाली. पाठ्यपुस्तकात चंडोलावर एक कविता होती. मी गाइडमध्ये वाचलेलं सांगितलं, की हा इंग्लंडातला पक्षी, आनंदाचं प्रतीक, गात गात आकाशात चढतो. गुरुजींनी विचारलं, "तुम्ही पाहिलाय, सर?"

"नाही. तिकडचा पक्षी तो."

त्यांनी पुस्तक मिटलं. "अरे, चंडोल आमच्या माळावर आहेत. उन्हाळ्यात ये, दाखवतो."

वैशाखात मी मुरबाडला गेलो. भल्या पहाटे ते मला गावाबाहेरच्या माळावर घेऊन गेले. पलीकडे सिद्धगडाचा डोंगर धुरकट दिसत होता. गवत पार वाळलेलं. आम्ही एका बांधावर बसलो. थोड्या वेळाने पायाशी असलेल्या ढेकळांतून, ढेकळाच्याच रंगाचा एक पक्षी उठला आणि सरळ वर चढू लागला. चढताना अखंड गात होता. दिसेनासा झाला तरी आवाज येत राहिला, आणि मग एकाएकी तो दगडासारखा खाली आला. गुरुजींनी खिशातून कविता लिहिलेला कागद काढला आणि हळू, एकेक शब्द सुटा करत वाचला. त्यांचे उच्चार चुकत होते. मी दुरुस्त केले नाहीत. ती कविता मी कॉलेजातही शिकलो होतो. पण कवीने नेमकं काय पाहिलं होतं ते मला त्या बांधावर कळलं.

त्याच मुक्कामात त्यांनी मला विचारलं, "तू नापास कशात झालास?"

मी सांगितलं, लॉजिकमध्ये. तर्कशास्त्रात.

"पुस्तक आण पुढच्या वेळी. बघू तरी काय आहे."

मला वाटलं, दोन पानांत कंटाळतील. पण मी एकेक परिच्छेद मराठीत सांगू लागलो आणि ते मांडी ठोकून बसले. दोन विधानं द्यायची, त्यांना जोडणारं एक मधलं पद असतं, आणि त्यांतून तिसरं विधान निघतं का ते पाहायचं, एवढाच सगळा मामला. मी अडलो होतो ते त्या मधल्या पदाशी. ते पद निदान एका विधानात तरी पूर्ण व्याप्त असलं पाहिजे, हा नियम मला पाठ होता, समजला मात्र कधीच नव्हता.

गुरुजींनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "माझ्या मेव्हण्याची गोष्ट ऐक. त्याला कुणीतरी सांगितलं, सगळे खिल्लार बैल पांढरे असतात. हा गेला म्हशाच्या यात्रेला, गुरांच्या बाजारात. तिथे एक पांढरा बैल दिसला. हा म्हणाला, खिल्लार पांढरे, हा बैल पांढरा, म्हणजे हा खिल्लार. घेऊन आला. भातखाचरातल्या पहिल्याच चिखलणीत बैल गुडघे टेकून बसला. तो खिल्लार नव्हताच."

"म्हणजे?"

"म्हणजे 'पांढरा' हा तुझा मधला. यात्रेतल्या दलालासारखा. दलाल दोन घरांचा सौदा जुळवतो. पण निदान एका घरातली सगळी माणसं त्याला ठाऊक पाहिजेत. याला इकडचीही थोडी ठाऊक, तिकडचीही थोडी ठाऊक. मग सौदा फसणार नाही तर काय होणार?"

मी पुस्तक उघडलं. मुंबईच्या वर्गात तासन्‌तास ऐकून जे शिरलं नव्हतं ते स्वच्छ समोर होतं. मी म्हटलं, "गुरुजी, आता पुस्तक उघडं आहे. मी तुम्हाला सर म्हणू का?" ते नुसते हसले.

मग दोन्ही अभ्यास सुरू झाले. रविवारी सकाळी आधी त्यांचं इंग्रजी, मग माझं लॉजिक. पावसाळ्यात वाटेवरची नदी फुगली की सायकल बंद, तेव्हा आम्ही पोस्टकार्डांवर काम चालवत असू. मी त्यांना वाक्यं पाठवायचो, ते पृथक्करण करून परत पाठवायचे. तर्काची उदाहरणं ते मराठीत रचायचे आणि मी ती तपासायचो. तर्कशास्त्रात अनुमानाच्या बिनचूक प्रकारांना जुन्या लॅटिन पंडितांनी नावं देऊन ठेवली आहेत, लक्षात राहावीत म्हणून. पहिल्या गटात चार नावं. त्यांतलं पहिलं नाव बार्बारा. गुरुजींना ती नावं फार आवडली होती.

बेचाळीसचा पावसाळा आला. ऑगस्टनंतर आमचा भाग पार ढवळून निघाला. तारा तुटत होत्या, विजेचे मनोरे पाडले जात होते, आणि सिद्धगडाकडच्या रानात भूमिगत माणसं आहेत असं दबक्या आवाजात बोललं जायचं. अनोळखी माणूस दिसला तरी पोलीस थांबवत. आम्ही दोघं मात्र मूर्खासारखे पोस्टकार्डं लिहीत राहिलो.

एके दिवशी दुपारी वखारीत शिपाई आला आणि मला ठाण्यावर घेऊन गेला. फौजदारसाहेबांच्या टेबलावर गुरुजींची तीन कार्डं होती. ती तिथे कशी पोचली ते मला आजही माहीत नाही. साहेब थकलेले दिसत होते, बूट चिखलाने भरलेले. त्यांनी एक कार्ड उचलून वाचलं.

"सर्व राजे मर्त्य आहेत. जो सिंहासनावर बसतो तो राजा आहे. म्हणून जो सिंहासनावर बसतो तो मर्त्य आहे. बार्बारा चालली. उरलेल्या तिघींना पुढच्या आठवड्यात हात लावतो." त्यांनी कार्ड खाली ठेवलं. "बार्बारा कोण?"

मी म्हटलं, "साहेब, ती कुणी नाही. ती अनुमानाची रीत आहे."

"गोऱ्या बाईचं नाव आहे."

"नाव आहे, पण बाई नाही. त्यात 'ए' हे अक्षर तीनदा येतं. 'ए' ही सगळ्यांना लागू होणाऱ्या विधानाची खूण, म्हणजे तिन्ही विधानं तशी."

"आणि उरलेल्या तिघी?"

"त्यासुद्धा रीतीच आहेत, साहेब."

"राजा मरणार आहे हे सिद्ध करायची काय गरज पडली?"

"परीक्षेसाठी, साहेब. मी इंटरला नापास झालोय. लॉजिकमध्ये."

साहेबांनी मला बाकावर बसवून ठेवलं. तीन तास मी तिथे बसून होतो. मला माझी काळजी नव्हती असं म्हणणार नाही, पण जास्त काळजी गुरुजींची होती. त्यांची नोकरी लोकल बोर्डाची. नुसता संशय आला असता तरी ती गेली असती. बायको, चार मुलं. राजाचं उदाहरण त्यांनी मुद्दाम घेतलं नव्हतं. पुस्तकात 'सर्व माणसे मर्त्य आहेत' असं होतं. तेच पुन्हा लिहिणं त्यांना कॉपी केल्यासारखं वाटलं असणार.

संध्याकाळी साहेबांनी मला पुन्हा आत बोलावलं. म्हणाले, "ही भानगड मला सोप्या भाषेत समजाव. कागदावरची भाषा नको." मला दुसरं काही सुचलं नाही. मी मेव्हण्याचा पांढरा बैल सांगितला. यात्रा, दलाल, चिखलणी, सगळं. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि मला घरी जायला सांगितलं. गाव सोडायचं नाही, अशी ताकीद देऊन.

चार दिवसांनी पुन्हा बोलावणं आलं. या वेळी साहेबांनी खुर्ची दिली. तिकडे मुरबाडच्या ठाण्यावर गुरुजींनाही नेलं होतं. त्यांची जबानी आली होती.

"त्यांना पण सोप्या भाषेत समजावायला सांगितलं," साहेब म्हणाले. "त्यांनी पण बैलच सांगितला. त्यांच्या जबानीत मेव्हण्याचं नाव-गाव आहे. आमच्या माणसाने जाऊन खात्री केली. बैलाचा सौदा फसला हे खरं आहे. मेव्हणा अजून चिडलेला आहे." त्यांनी कार्डं माझ्यापुढे सरकवली. "घेऊन जा. आणि हे बघ, दिवस बरे नाहीत. राजे-बिजे सोडा. बैलांवर भागवा."

पाणी ओसरल्यावर मी स्वतः मुरबाडला गेलो. मला वाटलं होतं, गुरुजी खचलेले असतील. ते ओसरीवर वह्या तपासत बसले होते. मला पाहून म्हणाले, "नोकरी आहे. पण गुपित गेलं."

पोलीस गुरुजींना का घेऊन गेले हे गावाला कळायलाच हवं होतं, आणि गुरुजींना खोटं बोलता येत नव्हतं. तेव्हा या वयात गुरुजी मॅट्रिकचा अभ्यास करतात ही बातमी अख्ख्या मुरबाडला झाली. काही जण हसलेही. पण दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी वर्गाला सरळ सांगितलं होतं, "मीही परीक्षेला बसणार आहे. तुमच्यासारखीच मलाही भीती वाटते."

त्यांची पत्नी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. मला म्हणाल्या, "मला सांगत हुते, इद्यार्थ्याला मदत कराया जातो. खोटं नाय बोलले गो बाई, म्हनलं. फकस्त इद्यार्थी कोन ते नाय सांगितलं."

पुढच्या वर्षी आम्ही दोघं परीक्षेला बसलो. मॅट्रिकचं केंद्र मुंबईला होतं. पहिल्या दिवशी दारावरच्या माणसाने गुरुजींना अडवलं आणि नम्रपणे सांगितलं, "पालकांनी बाहेर थांबावं." गुरुजींनी त्याला प्रवेशपत्र दाखवलं. तो ओशाळला आणि त्याने त्यांच्यासाठी बाकाऐवजी खुर्ची आणवली. गुरुजींनी ती परत पाठवली.

मी इंटर पास झालो, लॉजिकमध्ये चांगल्या गुणांनी. गुरुजी इंग्रजीत नापास झाले, थोड्याच गुणांनी. निकाल त्यांना कसा सांगावा हे मला कळेना. मी गेलो आणि मान खाली घालून बसलो. त्यांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला. "अरे, माझा विद्यार्थी लॉजिकमध्ये पास झाला. तुझा इंग्रजीत राहिला. यात वाईट मास्तर कोण निघाला?" आणि थोडं थांबून, "पुन्हा बसतो. तू शिकवणार ना?"

आणखी एक वर्ष आम्ही काढलं. या वेळी मी गाइड बाजूला ठेवलं. रोज जे घडतं ते चार ओळींत इंग्रजीत लिहून आणा, असं सांगितलं. ते शाळेबद्दल लिहायचे, कौलं शाकारण्याबद्दल लिहायचे, धाकट्या मुलीच्या गोवराबद्दल लिहायचे. वाक्यं ओबडधोबड असत, पण त्यांची स्वतःची असत. पृथक्करण करायला त्यांच्याच वाक्यांइतकी चांगली वाक्यं मला कुठे मिळाली नाहीत.

निकालाचं वर्तमानपत्र मी आसनगाव स्टेशनवर घेतलं. त्यांचा नंबर तिसऱ्या वर्गात होता. मी तीनदा पाहिला. वखारीतून सुटी घेतली, सायकल मागून घेतली आणि मुरबाडला निघालो. पोचलो तेव्हा शाळा भरलेली होती. गुरुजी फळ्यापाशी उभे होते, वर्ग तेविसाचा पाढा म्हणत होता. मी दारात उभा राहून पेपर वर केला. त्यांनी पाहिलं. त्यांच्या हातातला खडू थांबला. मग त्यांनी मला हातानेच खुणावलं, पडवीत बस. पाढा संपला, त्यानंतर चोविसाचा सुरू झाला. पूर्ण तास मी पडवीत बसून राहिलो.

वर्ग सुटल्यावर ते बाहेर आले, पेपर घेतला, चष्मा पुसला आणि नंबर बोटाने शोधला. सापडल्यावर बोट तिथून उचलेनात. म्हणाले, "घरी सांगायला हवं."

घरी त्यांच्या पत्नी चुलीपाशी होत्या. गुरुजींनी दारातूनच सांगितलं. त्या उठल्या, हात पदराला पुसले आणि देवापुढे साखर ठेवायला आत गेल्या. परत येऊन म्हणाल्या, "आता तरी शनवारी घरी ऱ्हाल ना?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग ते म्हणाले, "आळीतली पाच-सहा पोरं इंग्रजी शिकायचं म्हणतात. शनिवारी इथेच ओसरीवर बसवीन म्हणतो."

"बसवा," त्या म्हणाल्या. "पन आमच्या धाकटीला बी बसवा मंग."

त्या दिवशी मी तिथेच जेवलो. नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी आणि साखरेचा नैवेद्य. जेवण होईपर्यंत धाकटी पाटी घेऊन बापाशेजारी येऊन बसली होती, आणि गुरुजी खरकट्या हाताने हवेत तिला 'ए' काढून दाखवत होते.